गतीला लगाम घालणारे घराणे : फ्रान्सच्या लेपे कारखान्याची वाटचाल

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये तयार झालेली दागिन्यांची सांगीतिक पेटी आज संग्रहालयांत आणि जुन्या वस्तूंच्या लिलावांत मानाने मांडली जाते. पितळेची किंवा काशाची घडण, वर सोनेरी मुलामा, चारही बाजूंना आणि झाकणावर उठावशिल्पाच्या पट्ट्या, आत मखमलीचे अस्तर आणि झाकण उघडताच सुरू होणारे एखादे ऑपेरातले गीत, असे तिचे रूप. हे रूप घडवणारे हात बहुधा पॅरिसचे असत. तळाशी दडलेले गाणे मात्र बहुतेक वेळा बाहेरगावाहून येई. ते स्वित्झर्लंडमधून येई, नाहीतर फ्रान्सच्या पूर्व सीमेवरच्या सँत-सुझान या गावातून. सँत-सुझानच्या लेपे कारखान्याचे नाव फ्रेंच सांगीतिक पेट्यांच्या इतिहासात सर्वांत वरचे आहे. १८३९ साली सुरू झालेले हे घराणे रूप बदलत, एकदा देशही बदलत, आजही काम करते आहे.

सँत-सुझान हे माँबेलियार शहराला लागून असलेले छोटे गाव. फ्राँश-काँते नावाच्या या प्रांतात हिवाळा लांब आणि बर्फाचा. शेतीची कामे थांबली की घराघरांत खिडकीशी मेज ओढून बारीक धातुकाम चाले. याच टापूत बोकूर येथे फ्रेडरिक जापी यांनी १७७७ मध्ये घड्याळांचे कच्चे सांगाडे यंत्रावर काढायला सुरुवात केली होती. प्युजो बंधूंनी १८१० मध्ये आपल्या धान्याच्या गिरणीचे पोलादाच्या कारखान्यात रूपांतर केले आणि करवतीची पाती व कमानी बनवल्या. मोटारींमुळे जगाला ठाऊक झालेले ते नाव याच मातीतले. चाक, कमान, पोलादाची पातळ पट्टी आणि कानस यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या परिचय असलेले हात या भागात आधीच तयार होते. नवा उद्योग काढणाऱ्याला याहून मोठे भांडवल कोणते असते!

सांगीतिक पेटीची विद्या मूळची जिनिव्हाची. १७९६ मध्ये आंत्वान फाव्र या घड्याळजीने घंटा आणि हातोडे यांच्याऐवजी पोलादाच्या लवचीक दातऱ्यांतून सूर काढण्याची युक्ती मांडली. घंटांना जागा लागे. दातरे अंगठीच्या खड्याखालीसुद्धा मावत. पुढच्या चाळीस वर्षांत ही कला जिनिव्हातून जुरा पर्वताच्या दऱ्याखोऱ्यांत पसरली. सीमेच्या अलीकडे, फ्रान्सच्या भूमीवर, तिला कारखान्याचे स्थिर रूप देणाऱ्यांत ऑग्युस्त लेपे (१७९८–१८७५) अग्रभागी होते. १८३९ मध्ये, वयाची चाळिशी ओलांडताना, त्यांनी सांगीतिक पेट्या आणि घड्याळांचे सुटे भाग बनवणारा कारखाना उभा केला. दोन्ही कामे पहिल्यापासून जोडीने चालली, आणि पुढे याच जोडीने घराण्याला तारले.

या कारखान्यात नेमके काय घडत होते हे समजल्याशिवाय त्याची थोरवी कळत नाही. पेटीच्या यंत्राचे मुख्य भाग दोन : पोलादाची फणी आणि पितळेचा दंडगोल. सपाट पोलादी पट्टीला करवतीने चिरा देऊन दातरे पाडत. मग पाणी देऊन फणी कडक करत आणि हलक्या तापाने तिच्यातला ठिसूळपणा काढत. खर्जाच्या दातऱ्यांना खालून शिशाचे वजन डाख देऊन जोडलेले असे, कारण इतक्या आखूड पोलादातून खालचा सूर एरवी निघाला नसता. त्यानंतर सूर लावणाऱ्याचे काम. दातऱ्याच्या टोकाशी कानस लावली की सूर चढतो, मुळाशी लावली की उतरतो. आपल्याकडे संवादिनीचे सूर लावणारा कारागीर पितळी पात्यांवर हाच नियम चालवतो. संवादिनीचा पूर्वज असलेल्या हार्मोनियमचे पेटंटही १८४२ मध्ये पॅरिसमध्येच अलेक्झांद्र दबँ यांनी घेतले. म्हणजे आपल्या कीर्तनात आणि संगीत नाटकात रुजलेली पेटी आणि सँत-सुझानची ही गाणारी पेटी एकाच काळात, एकाच देशात वाढत होत्या.

दंडगोलाचे काम अधिक चिकाटीचे. पोकळ पितळी नळीवर गाण्याच्या प्रत्येक स्वराची जागा खुणेने टिपायची, तिथे भोक पाडायचे आणि त्यात केसासारखी बारीक पोलादी पिन बसवायची. पिनांची संख्या सहज हजारांत जाई. या धंद्यात हे काम मुख्यतः स्त्रियांच्या हातचे होते, आणि त्यांपैकी कित्येकजणी ते घरी नेऊन करत. सगळ्या पिना बसल्या की नळीत वितळलेल्या राळेचे मिश्रण ओतून नळी गरगर फिरवत. मिश्रण आतून चिकटून थिजले की पिना घट्ट होत आणि आवाजाला भारदस्तपणा येई. शेवटी सर्व पिना एका उंचीत घासायच्या आणि एकेक पिन नजरेने तपासून किंचित वाकवून आपल्या दातऱ्यासमोर आणायची. एकाच दंडगोलावर चार, सहा, आठ गाणी बसवलेली असत. एक फेरा झाला की पायऱ्यांची एक चकती दंडगोलाला केसभर बाजूला सरकवी, आणि आधीच्या गाण्याच्या पिना दातऱ्यांच्या फटींतून मुकाट निघून जात.

यांखेरीज दोन बारकावे होते. कंप पावत असलेल्या दातऱ्याला पुढची पिन टेकली तर किरकिर होते. ती टाळण्यासाठी खालच्या स्वरांच्या प्रत्येक दातऱ्याखाली तारेची नखाएवढी वळी बसवत, वरच्या स्वरांसाठी पक्ष्याच्या पिसाचा तुकडा वापरत. दुसरा बारकावा गव्हर्नरचा. चावी दिलेली कमान सगळी ताकद एका क्षणात सोडायला बघते. तिला आवरायला चाकांच्या साखळीच्या शेवटी एक उभा स्क्रू आणि त्यावर दोन पाती असलेली पंखी असते. हवेच्या विरोधाने पंखी मंदावते, म्हणून दंडगोल सावकाश फिरतो आणि गाण्याला लय मिळते. हा गव्हर्नर निसटला तर दंडगोल भरधाव सुटतो, पिना आडव्या होतात, दातरे मोडतात आणि महिन्यांची मेहनत काही सेकंदांत संपते. सूर देणारी फणी सर्वांच्या नजरेत भरते. पण लेपे घराण्याचे खरे सामर्थ्य या शेवटच्या पंखीत होते, असे त्याची पुढची वाटचाल पाहता म्हणावे लागते. मोकाट सुटू पाहणाऱ्या शक्तीला मोजून वाट देणे, ही त्याची विद्या.

सँत-सुझानची यंत्रे अनेक रूपांत बाहेर पडत. मोठी यंत्रे लाकडी पेट्यांत बसत. लहान यंत्रे तपकिरीच्या डब्यांत, छायाचित्रांच्या अल्बममध्ये, शिवणसाहित्याच्या पेटाऱ्यात आणि दागिन्यांच्या पेटीत जात. विक्रीची मोठी जबाबदारी जेरोम तिबूव्हील-लामी या वाद्यांच्या प्रख्यात पेढीने उचलली. मिरकूर या व्हायोलिनच्या गावी तिचे कारखाने होते आणि पॅरिसमधून तिचा व्यापार दूरदूरच्या देशांत चाले. त्यामुळे पुष्कळ पेट्यांवर लेपे हे नाव दिसतच नाही. दिसतो तो तळपट्टीवरचा एखादा आकडा आणि झाकणाच्या आत चिकटवलेली गाण्यांची यादी. अशा पेटीचे वय ठरवायला ही यादीच कामी येते. जाक ऑफेनबाख यांच्या ‘ऑर्फे ओझाँफेर’मधले गीत दंडगोलावर असेल तर पेटी १८५८ नंतरची, कारण ती संगीतिका त्या वर्षी रंगभूमीवर आली.

उठावशिल्पाच्या पट्ट्यांमागे पॅरिसमधली एक स्वतंत्र क्रांती उभी होती. १८३८ मध्ये, म्हणजे लेपे कारखान्याच्या आदल्याच वर्षी, फेर्दिनाँ बार्बेदिएन आणि अशिल कोला यांनी भागीदारीत ओतशाळा सुरू केली. मोठ्या शिल्पाची हुबेहूब लहान प्रत काढणारे यंत्र कोला यांनी बनवले होते. राजवाड्यातल्या शिल्पांच्या छोट्या प्रती मध्यमवर्गीय घराच्या मेजावर येऊ लागल्या. पाठोपाठ विजेच्या साहाय्याने साच्यात तांबे चढवण्याची आणि त्यावर सोन्याचा थर देण्याची पद्धत आली. १८४२ मध्ये क्रिस्तोफ्ल पेढीने तिचे फ्रान्समधले हक्क मिळवले. त्याआधी सोनेरी मुलाम्यासाठी पारा वापरत. भट्टीवर पारा उडून जाई, सोने मागे राही आणि त्या धुराने मुलामेकऱ्यांची आयुष्ये आखूड होत. पेट्यांच्या झळाळीचा हा पूर्वीचा मोबदला विसरता येत नाही.

नव्या पद्धतींमुळे पट्ट्या मुबलक आणि आवाक्यातल्या झाल्या. त्यांवर बाळसेदार पंखवाली मुले, द्राक्षांची तोडणी, मेंढपाळ जोडपी, नाचणाऱ्या वनदेवता असत. अठराव्या शतकातला शिल्पकार क्लोदियों याच्या शैलीची ही खेळकर दृश्ये त्या काळच्या फ्रेंच घरांना फार आवडत. ओताऱ्याने पट्टी ओतल्यावर छिन्नीकार तिच्यावर बसे, केसांच्या बटा, पानांच्या शिरा, वस्त्रांच्या चुण्या कोरून उठवी. मग मुलामेकरी, मग जोडणारा, मग मखमल बसवणारा. दागिन्यांच्या तबकाखाली दुसरा तळ करून त्यात यंत्र ठेवत. झाकण वर उचलले की एक बारीक दांडी गव्हर्नरच्या पंखीतून बाजूला होई आणि गाणे सुरू होई. झाकण बंद होताच दांडी पुन्हा आडवी येई. चांगली पेटी हातात आली की आधी पट्टीच्या कडा पाहाव्यात. जिथे छिन्नी फिरली आहे तिथे पानाची कड धारदार लागते, नुसत्या ओतकामात ती बोथट राहते.

१८५० पासून कारखान्याने दुसऱ्या अंगाला जोर दिला. हे अंग म्हणजे प्लॅटफॉर्म एस्केपमेंट. घड्याळातही कमान असते आणि तिलाही आवरावे लागते. तिथे हवेत फिरणाऱ्या पंखीऐवजी बॅलन्स व्हील आणि त्याची जोडीदार चाके ठरावीक ठोक्यांनी वाट अडवतात आणि सोडतात. हा सगळा संच एका छोट्या पितळी तबकडीवर तयार करून दिला की घड्याळजी तो सरळ आपल्या घड्याळात बसवू शके. गजराची घड्याळे, मेजावरची घड्याळे, प्रवासी घड्याळे या सर्वांना त्याची गरज होती. लेपे कारखाना त्यात निष्णात झाला. ठोकर टाळणाऱ्या, आपणहून चालू होणाऱ्या, कमानीचा ताण कमी झाला तरी समान जोर देणाऱ्या एस्केपमेंटची पेटंटे त्याने मिळवली आणि त्या काळच्या नामांकित घड्याळकारांना तो माल पुरवू लागला.

मग युद्ध दाराशी आले. १८७० मध्ये प्रशियाशी लढाई पेटली, शेजारच्या बेल्फोर शहराला वेढा पडला, आणि १५ ते १७ जानेवारी १८७१ या तीन दिवसांत लिझेन नदीच्या काठाने, माँबेलियारच्या परिसरात घनघोर झुंज झाली. जनरल बुर्बाकी यांची फ्रेंच फौज हरली आणि बर्फातून माघार घेत स्वित्झर्लंडमध्ये आश्रयाला गेली. सुमारे ८७,००० सैनिकांनी सीमेवर शस्त्रे खाली ठेवली. याच मुलखातून ही उपाशी, गारठलेली माणसे चालत गेली. अशा वर्षात गाणाऱ्या पेट्यांना गिऱ्हाईक कोठून मिळणार? तरीही कारखाना मोडला नाही. १८७५ मध्ये संस्थापक निवर्तले. १८७७ पर्यंत प्लॅटफॉर्म एस्केपमेंटचे वार्षिक उत्पादन २४,००० वर पोचले होते, असे घराण्याच्या इतिहासात नमूद आहे. युद्धाला सहा वर्षे झाली होती, संस्थापकांना जाऊन दोन. त्यांनी घडवलेली माणसे किती पक्की होती, हे सांगायला हा आकडा पुरेसा आहे. आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांतली सुवर्णपदकेही आली.

त्याच १८७७ मध्ये अमेरिकेत एडिसन यांनी फोनोग्राफ बोलका केला. सांगीतिक पेटीवरचे संकट इथून सुरू झाले, पण पहिला घाव दुसरीकडून बसला. १८८० च्या दशकात जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये धातूच्या बदलत्या तबकड्यांवर वाजणाऱ्या पेट्या निघाल्या. दंडगोलाच्या पेटीत गाणी कायमची ठरलेली, तबकडीच्या पेटीत हवे तेव्हा नवे गाणे. शिवाय तबकडी ठशाने छापता येई. हजारो पिना हाताने बसवणाऱ्या कारागिरांना या स्वस्ताईशी झगडणे अशक्य होते. लेपे कारखान्याने लहान यंत्रांकडे, हाताने दांडा फिरवून वाजवायच्या मुलांच्या खेळण्यांकडे वळून काही काळ तग धरला. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा या कारखान्याचे सांगीतिक युग जवळजवळ संपले होते. पिना बसवणाऱ्या बायका, सूर लावणारे, पिसाचे तुकडे चिकटवणारे यांच्या विद्येला घेणारे कोणी उरले नाही. या वाटचालीतला हा सर्वांत दुखरा टप्पा आहे आणि त्याची नोंद स्पष्टपणे व्हायला हवी.

घराणे उरले ते एस्केपमेंटच्या बळावर. विसाव्या शतकात ते इतरांना भाग पुरवता पुरवता स्वतःच्या नावाने पूर्ण घड्याळ बनवण्याकडे सरकले, आणि त्यासाठी त्याने प्रवासी घड्याळ निवडले. या घड्याळाचा जनक अब्राम-लुई ब्रेगे. १७९८ मध्ये इजिप्तच्या मोहिमेवर निघताना नेपोलियनने ब्रेगेकडून असे घड्याळ घेतले होते. पितळी चौकट, चारी बाजूंना आणि वर काच, उचलायला मूठ. वरच्या काचेतून नेमका तो प्लॅटफॉर्म धडधडताना दिसतो, जो सँत-सुझानच्या कारागिरांनी अनेक दशके इतरांसाठी बनवला होता. १९४० ते १९४४ या काळात जर्मन अंमल आला आणि गेला. युद्धोत्तर फ्रान्समध्ये सरकारी पाहुण्यांना द्यायची भेट म्हणून लेपेच्या घड्याळाला मान मिळाला. २१ जानेवारी १९७६ रोजी काँकॉर्ड हे ध्वनीहून वेगवान विमान प्रवासी सेवेत आले, तेव्हा त्याच्या केबिनसाठी लेपेची भिंतीवरची घड्याळे निवडली गेली.

पण तोवर जमीन सरकू लागली होती. डिसेंबर १९६९ मध्ये जपानच्या सेको कंपनीने क्वार्ट्झवर चालणारे मनगटी घड्याळ बाजारात आणले. काही वर्षांतच फ्राँश-काँते आणि पलीकडचा जुरा, दोन्हीकडचे यांत्रिक घड्याळांचे कारखाने एकेक करून थंड पडले. बझाँसाँच्या लिप कारखान्यातल्या कामगारांनी १९७३ मध्ये दिलेला लढा सगळ्या फ्रान्सने पाहिला. लेपेलाही हे दिवस जड गेले. तरी १९९४ मध्ये त्याने ‘जायंट रेग्युलेटर’ नावाचे एक प्रचंड लंबकाचे घड्याळ उभे केले. उंची २.२ मीटर, वजन १.२ टन, एकट्या यंत्राचे वजन १२० किलो आणि खर्ची पडलेले श्रम २,८०० तास. व्यापारात त्याचा काही उपयोग नव्हता. ज्या कलेचे भवितव्य अंधारात होते तिच्यात आपण कुठवर जाऊ शकतो, हे त्या कारागिरांनी जगाला दाखवले. ते करण्याचे धैर्य त्यांच्यात होते, याचे मोल मोठे आहे.

अखेर फ्रान्समधले उत्पादन थांबले. घराण्याचे नाव आणि वारसा स्वित्झर्लंडमधल्या डेलेमाँ येथील स्वित्झा कंपनीकडे आला. गजराच्या घड्याळांसाठी ओळखली जाणारी ही कंपनी १९०४ पासूनची. डेलेमाँ हे जुरा कँटनचे मुख्य ठिकाण, सँत-सुझानहून फार दूर नाही. सीमा बदलली, पर्वतरांग तीच राहिली. तिथे मुख्याधिकारी आर्नो निकोला यांच्या नेतृत्वाखाली घराण्याने एक ठाम निर्णय घेतला : मनगटी घड्याळांच्या गर्दीत न शिरता मेजावरचे आणि भिंतीवरचे यांत्रिक घड्याळच बनवायचे.

२०१४ मध्ये १७५ वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने एमबी अँड एफ या कल्पक पेढीबरोबर ‘स्टारफ्लीट मशीन’ तयार झाले. अंतराळस्थानकाच्या आकाराचे हे घड्याळ एकदा चावी दिली की चाळीस दिवस चालते. त्यानंतर कोळी, ऑक्टोपस, जेलीफिश, यंत्रमानव अशी अनेक रूपे या दोघांच्या सहकार्यातून आली. रूप कितीही अनोखे असले तरी आतले बॅलन्स व्हील उघडे ठेवलेले असते, बघणाऱ्याला ते हलताना दिसावे म्हणून. १८५० मध्ये पितळी तबकडीवर बसलेला तो छोटा संच आता घड्याळाच्या दर्शनी भागी आला आहे.

डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने यांत्रिक घड्याळकलेचा आणि तिच्या जोडीच्या यांत्रिक कलांचा मानवाच्या अमूर्त वारशात समावेश केला. स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांनी हा प्रस्ताव मिळून मांडला होता आणि त्यात सांगीतिक पेट्याही आहेत. १९८५ पासून सँत-क्रुआ या स्विस गावात आणि १९८८ पासून ले झे या फ्रेंच डोंगरी गावात यांत्रिक संगीताची संग्रहालये उभी आहेत. मोडलेला दातरा कापून तिथे नवा बसवणारे, थिजलेली राळ पुन्हा वितळवणारे, गंजलेल्या तारेच्या वळ्या एकेक करून बदलणारे दुरुस्तीकार संख्येने थोडे आहेत, पण आहेत. त्यांच्यामुळेच दीडशे वर्षांपूर्वीच्या दागिन्यांच्या पेट्या अजून गातात.

जून २०२४ मध्ये एलव्हीएमएच या फ्रेंच समूहाने स्वित्झा कंपनी आणि तिच्यासोबत लेपे घराणे विकत घेतल्याचे जाहीर झाले. मालकी अशा रीतीने पुन्हा फ्रान्सकडे आली आहे. कार्यशाळा डेलेमाँमध्येच आहे, आणि माणके व कमानी वगळता घड्याळाचे जवळजवळ सर्व भाग आजही तिथेच घडवले जातात.